घुर्ये यांच्या मालवणात बिऱ्हाडे कोण मोजणार?

मा. संपादक,

डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचा जन्म मालवणचा, १२ डिसेंबर १८९३चा. जयंतीला त्यांना भारतीय समाजशास्त्राचे जनक म्हटले जाते, जातिसंस्थेवरच्या त्यांच्या ग्रंथाचे नाव घेतले जाते आणि विषय तिथेच मिटतो. शहरांच्या अभ्यासातले त्यांचे काम मात्र कोकणातल्या नगरपरिषदांना आज आपल्या शहरातली गरिबी मोजताना कामी येण्यासारखे आहे, म्हणून हे पत्र.

मुंबई विद्यापीठात १९१९ साली स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. आधी पाहणी आणि मग आराखडा, हा गेडिस यांचा आग्रह. घुर्ये यांनी त्यांच्यासाठी मुंबईवर, एक नागरी केंद्र म्हणून, निबंध लिहिला आणि त्यातून त्यांना परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळाली. केंब्रिजहून परतल्यावर १९२४ ते १९५९ ते विभागप्रमुख होते. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई हे त्यांचे विद्यार्थी. देसाई यांनी पुढे मुंबईच्या झोपडपट्ट्यांचा अभ्यास केला, तो याच परंपरेतला. घुर्ये स्वतः ग्रंथांत रमणारे, पण विद्यार्थ्यांना वस्त्यांवर धाडत. आदिवासींना मागास हिंदू ठरवणारी त्यांची भूमिका तेव्हाही वादाची होती आणि आम्हालाही ती पटत नाही.

शहरांबद्दल मात्र त्यांचे म्हणणे कोकणाला चपखल लागू पडते. शहर केवळ कारखान्याने वाढत नाही, भोवतालच्या गावांना माल विकायला-घ्यायला पेठ लागते म्हणूनही ते वाढते, असे ते मांडत. राजापूर, चिपळूण, वेंगुर्ले ही गावे गिरणीच्या भोंग्यावर उभी राहिली नाहीत. खाडीतून चढणारा आणि घाटावरून उतरणारा माल तिथे एकत्र येई. तेव्हा अशा शहरातली गरिबी मोजताना मुंबई-पुण्याचा तक्ता जसाच्या तसा चालत नाही. त्यातही इथले अर्धे घर मुंबईत. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती, २०११ला १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गाचीही ८,६८,८२५वरून ८,४९,६५१वर आली.

गरिबीचे सर्वेक्षण बिघडते ते पहिल्याच पायरीवर. यादी म्हणून घरपट्टीची नोंदवही घेतली जाते. तिच्यात मालमत्ता असतात, बिऱ्हाडे नसतात. एका घर क्रमांकात चार भाडेकरू, तर शेजारचे चिरेबंदी घर गणपती-शिमग्यापुरतेच उघडणारे. खाडीकाठचे पत्र्याचे खोपटे वहीत नाहीच. म्हणून आधी पायी फिरून यादी करावी: एक चूल म्हणजे एक बिऱ्हाड, आणि वर्षातले सहा महिने तरी तिथे राहणारा तोच सदस्य. मुंबईला नोकरीत असलेला मुलगा सदस्य धरू नये, त्याने धाडलेले पैसे मात्र वेगळ्या रकान्यात विचारावेत.

समजा यादीत ४,००० चुली निघाल्या. १ ते १०पैकी एक आकडा चिठ्ठीने काढायचा आणि तिथून दर दहावे बिऱ्हाड घ्यायचे, ४०० मिळतात. पूर्ण शहरासाठी एवढ्यावर सुमारे ५ टक्के अधिक-उणे इतके अचूक सांगता येते. पण २० प्रभाग धरले तर प्रत्येकी २० बिऱ्हाडे उरतात आणि चूक २० टक्क्यांच्या वर जाते. त्या आकड्यांवरून कुठला प्रभाग गरीब हे ठरवणे म्हणजे चिठ्ठ्या टाकणेच.

निवडलेले घर बंद दिसले की शेजारच्या घरात अर्ज भरून मोकळे होणे ही नेहमीची चूक. दिवसा बंद असते ते घर बहुधा सगळे कमावते हात बाहेर असलेले, बंदरावरचे किंवा बागेत मजुरीला गेलेले असते. ते गाळले की सर्वेक्षणात घरी बसणाऱ्यांचीच गर्दी होते. तीन फेऱ्या कराव्यात, त्यातली एक संध्याकाळी सातनंतर. तरीही बंद असेल तर बंद असेच लिहावे, बदली घर घेऊ नये.

मिळकत किती, या थेट प्रश्नाला इथे खरे उत्तर मिळत नाही. लपवाछपवीपेक्षा पैसा हंगामाने येतो हे त्याचे मोठे कारण: आंबा एप्रिल-मेमध्ये, मासळी पाऊस ओसरल्यावर. खर्च विचारावा. मासळी-भाजीचा ७ दिवसांचा, किराणा आणि गॅसचा ३० दिवसांचा, कपडे, शाळा, दवाखाना यांचा ३६५ दिवसांचा. आणि ४०० बिऱ्हाडांचे चार भाग करून दर तिमाहीला १०० घ्यावीत. पहिल्या तिमाहीला या ४००मधले १ले, ५वे, ९वे, दुसरीला २रे, ६वे, १०वे, असे. प्रभागामागून प्रभाग घेतला तर एक मेमध्ये होतो, दुसरा जुलैच्या मासेमारीबंदीत, आणि ऋतूचा फरक प्रभागाचा म्हणून छापला जातो.

बिऱ्हाडांप्रमाणे पथविक्रेतेही मोजायला हवेत, त्यांच्या मोजणीचे तर कायद्यानेच बंधन आहे. २०१४च्या कायद्याप्रमाणे दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण हवे, ते होऊन विक्री प्रमाणपत्रे मिळेपर्यंत असलेल्या विक्रेत्याला हटवता येत नाही, आणि लोकसंख्येच्या २.५ टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचे असते. सकाळी अकराला नोंदवही घेऊन निघालेल्या कर्मचाऱ्याला बाजारात भाजीवाला सापडतो; संध्याकाळी होड्या लागल्यावर पाटी घेऊन बसणारी मासळीवाली सापडत नाही. तिचे नाव यादीत नाही म्हणजे प्रमाणपत्र नाही, आणि उद्या ओटे वाटताना ती उपरी. मोजणी सकाळी ६ ते ८, दुपारी ११ ते १, संध्याकाळी ५ ते ८ अशी तीनदा आणि शिवाय आठवडा बाजाराच्या दिवशी व्हायला हवी. आंबा-काजूच्या हंगामी विक्रेत्यांसाठी मेमध्ये आणखी एक फेरी.

बिऱ्हाडांच्या पाहणीला एजन्सी लागत नाही. स्थानिक महाविद्यालयाचे २० विद्यार्थी, म्हणजे दहा जोड्या, रोज पाच बिऱ्हाडे या हिशेबाने तिमाहीचे १०० अर्ज दोन दिवसांत भरतात. बंद घरांच्या फेऱ्यांना आणखी आठवडा धरावा. दर दहातले एक बिऱ्हाड अध्यापकाने पुन्हा गाठून पाचच प्रश्न विचारावेत: माणसे किती, चूल एकच का, नळ घरात का, रेशनकार्ड कोणते, मुंबईहून पैसे येतात का. उत्तरे जुळली नाहीत तर त्या जोडीचे सगळे अर्ज परत. नाव-पत्त्याचा कागद उत्तरांपासून वेगळा, कुलपात ठेवावा. रेशनकार्ड जाईल ही धास्ती असली की लोक टीव्हीसुद्धा नाही म्हणून सांगतात.

मालवण नगरपरिषदेने येत्या अंदाजपत्रकात यासाठी तरतूद करावी आणि पहिली तिमाही ऑक्टोबरात धरावी, गणपतीला आलेले चाकरमानी तोवर परतलेले असतात.

— समाजशास्त्राचे काही निवृत्त अध्यापक, मालवण