देव्हाऱ्यापुढे हात न जोडणाऱ्या धाकट्याबद्दल

ऑस्लो, रविवार

ती. आबा आणि आई यांस,
शि. सा. नमस्कार.

आई, परवा तू विचारलेला प्रश्न फोनवर संपणारा नव्हता, म्हणून लिहायला बसले. धाकटा देव्हाऱ्यापुढे हात जोडत नाही याचा तुला राग नाही, भीती आहे. आज त्याचं सगळं बरं चाललंय. उद्या काही अघटित घडलं तर हा कशाला धरून उभा राहणार? देवावाचून माणसाला खरं समाधान लाभतं का? लाभतं, हे मी खात्रीने लिहिते. पण श्रद्धेबरोबर घरात आपोआप येणाऱ्या काही गोष्टी त्याला स्वतःच्या हाताने उभ्या कराव्या लागतील, आणि देव सोडणारे बहुतेकजण चुकतात ते तिथेच. हे पत्र त्यालाही वाचायला द्या.

सुख मोजायची जगभर वापरली जाणारी एक पद्धत साधी आहे. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी डोळ्यांपुढे आणायची आणि आपण कितव्या पायरीवर आहोत ते सांगायचं. या मोजणीत फिनलंड, डेन्मार्क, नॉर्वे हे देश वर असतात आणि इथली देवळं रविवारी बरीचशी रिकामी असतात. म्हणून लोक पटकन म्हणतात, देव सोडा आणि सुखी व्हा. हा निष्कर्ष चुकीचा आहे. टे, डीनर आणि मायर्स या मानसशास्त्रज्ञांनी 2011 साली बऱ्याच देशांची आकडेवारी तपासली. जिथे आयुष्य खडतर आहे तिथे श्रद्धाळू माणसं इतरांपेक्षा समाधानी दिसली. जिथे दवाखाना, म्हातारपण आणि पोटपाणी यांची हमी आहे तिथे हा फरक जवळजवळ पुसला गेला. म्हणजे श्रद्धेच्या कामातला मोठा वाटा धीर देण्याचा असतो, आणि धीर दुसरीकडून मिळाला तर तिच्यावाचून अडत नाही.

आपल्या साताऱ्यात ही हमी सरकारकडून पुरती मिळत नाही. म्हणून धाकट्याने वादाची पुस्तकं नंतर वाचावीत, आधी आरोग्य विमा घ्यावा, सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत बाजूला ठेवावा, आणि रात्री दोन वाजता फोन केला तर येतील अशी तीन माणसं कोण, ती नावं लिहून काढावीत. तीन नावं सुचली नाहीत, तर त्याची खरी अडचण तिथे आहे.

माणसांची गोष्ट सगळ्यात मोठी. अमेरिकेतल्या लिम आणि पुटनम या संशोधकांनी 2010 साली दाखवलं की नेमाने प्रार्थनेला जाणाऱ्यांचं जास्तीचं समाधान त्यांना तिथे मिळालेल्या जवळच्या मित्रांमुळे येतं. जे जातात पण ज्यांचं तिथे कुणी नाही, त्यांना तो फायदा जवळपास मिळत नाही. आबा, हे तुम्हाला वारीवरून लगेच पटेल. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते, तरडगाव, फलटण करत पुढे जाते. दिंडीत विणा कुणाकडे, पखवाज कुणाकडे, डोक्यावर तुळस कुणाच्या, सगळं ठरलेलं. संध्याकाळी समाज आरतीला चोपदार दंड उंच करतात, हजारो माणसं गप्प होतात, आणि हरवलेल्या वस्तूंची यादी वाचली जाते. लाखांच्या गर्दीत एखाद्याच्या हरवलेल्या पिशवीचीही चौकशी होते! अशी चौकशी होणं म्हणजेच निम्मं सुख. धाकट्याला हवी आहे अशी एक जागा, जिथे तो आला नाही तर कुणीतरी विचारेल.

अशी जागा कशी उभी करायची, तेही सांगते. आठ ते बारा माणसं पुरतात. वीस झाली की दोन-चारजणच बोलतात. वार आणि वेळ कायम ठेवायची, दर आठवड्याला नवी तारीख ठरवायला लागलात की महिन्यादोनमहिन्यांत मंडळ मोडतं. प्रत्येकाला एक काम द्यायचं: चहा, चटया, हिशेब, न आलेल्याला फोन. हे शेवटचं काम सगळ्यात विश्वासू माणसाकडे. दीड तास, त्यातला निम्मा वेळ हाताने किंवा गळ्याने काहीतरी एकत्र करण्यात जावा आणि शेवटी थोडं खाणं असावं. नास्तिकांची मंडळं बहुतेकदा यामुळे फसतात की ती नुसती चर्चामंडळं होतात. चर्चेत कुणीतरी जिंकतो, आणि हरलेला पुढच्या वेळी येत नाही. दुसरं कारण म्हणजे सगळा भार एकाच उत्साही माणसावर पडतो, आणि त्याची बदली झाली की संपलं.

गाणं असेल तर उत्तम. इंग्लंडमध्ये 2015 साली एक अभ्यास झाला. काही अनोळखी माणसं गाण्याच्या वर्गात, काही हस्तकलेच्या, काही लेखनाच्या. पहिल्या महिन्यात गाणाऱ्यांची गट्टी सगळ्यात लवकर जमली, पण सात महिन्यांनी तिन्ही वर्ग सारखेच जवळ आले होते. तेव्हा ज्याला गाता येत नाही त्याने सात महिने धीर धरायचा. सकाळी अजिंक्यतारा चढणारी मंडळीही चालेल, फक्त नेम हवा. इथे नॉर्वेत ‘दुग्नाड’ असतो: वसंतात इमारतीतले सगळे फावडी-खराटे घेऊन अंगण साफ करतात आणि मग एकत्र खातात. माण-खटावात पाण्यासाठी श्रमदान केलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

आता तुझ्या खऱ्या भीतीकडे येते, आई. दुःखाचं काय?

आपल्याकडे मृत्यूनंतरचे तेरा दिवस हे नुसते विधी नसतात. घरात चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भाकरी येते, दहाव्याला कुठे जायचं ते ठरलेलं असतं, तेराव्याला घर पुन्हा माणसांत येतं. ज्याचं डोकं चालत नाही त्याला रोज काय करायचं हे दुसरं कुणी सांगत असतं. श्रद्धा नसलेला माणूस मंत्र टाकतो आणि त्यांच्याबरोबर हे तेरा दिवसही टाकून देतो. चौथ्या दिवशी तो रिकाम्या घरात एकटा बसलेला असतो. मंत्र टाकायचे असतील तर टाकावेत, तेरा दिवस टाकू नयेत. डब्यांची पाळी आधीच लिहावी, एका दिवसाला एक घर. तिसऱ्या किंवा दहाव्या दिवशी आठवणींची बैठक घ्यावी. तीनजणांनी पाच-पाच मिनिटं बोलावं, आणि लिहून आणलेलं वाचावं, कारण ऐनवेळी गळा भरून येतो. महिन्याने आणि वर्षाने पुन्हा भेटावं. एकटेपणा झोंबतो तो गर्दी ओसरल्यावरच.

इथल्या निधर्मी लोकांना हे फार आधी कळलं. त्यांची ‘ह्यूमन-एटिस्क फोरबुंड’ ही संघटना 1956 सालची, पण धर्माविना मुलांचा वयात येण्याचा सोहळा 1951 पासून होतो. नामकरण, लग्न, अंत्यविधी, सगळ्याची त्यांनी रीत बांधली. आणि हे परकं मानायचं कारण नाही. ज्यांचं मूळ गाव खटावातलं कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी 1873 साली सत्यशोधक समाज काढला आणि भटजीविना लग्नासाठी मंगलाष्टकंही लिहिली. निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा, मानणारे ते, नास्तिक नव्हेत. पण भटजी नको म्हणून सोहळाच नको, असं त्यांनी केलं नाही.

धाकटा नेत्रदान-देहदानाबद्दल बोलतो म्हणालीस. ते कागदावर नीट हवं. नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांत व्हावं लागतं. पंखा बंद करायचा, पापण्या मिटवून ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि लगेच नेत्रपेढीला फोन करायचा. चष्मा किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन आड येत नाही. देहदानासाठी मिरज किंवा कराडच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात आधी अर्ज भरावा. अपघात, शवविच्छेदन किंवा काही संसर्गजन्य आजार असतील तर देह नाकारला जातो. म्हणून दहनाची दुसरी तयारी लिहून ठेवावी, नाहीतर ऐनवेळी घरच्यांत भांडणं लागतात. आणि शेवटी नातेवाइकांची संमती लागतेच, अर्ज कितीही जुना असला तरी.

श्रद्धा नेहमी आधारच देते असंही नाही. आजार हा देवाने दिलेला दंड आहे असं मानणाऱ्यांना त्रास जास्त होतो, असं मानसशास्त्रात पुन्हा पुन्हा दिसलंय. धाकट्याला ताप आला की ‘हात जोडत नाहीस म्हणून’ असं कुणी म्हणू नये, विनोदानेही नाही. आणखी एक. ज्यांचा विश्वास पक्का आहे आणि ज्यांचा अविश्वास पक्का आहे, ते दोघंही मधल्या तळ्यात-मळ्यात असलेल्यांपेक्षा समाधानी असल्याचं काही अभ्यासांत आढळलंय. तुझ्या समाधानासाठी तो देखल्या देवा दंडवत घालू लागला, तर तू त्याला त्या मधल्या जागेत ढकलशील.

आगरकर कराडजवळच्या टेंभूचे. शिकून मोठ्या पगाराची नोकरी न धरता पोटापुरत्या पैशावर संतोष मानून लोकांच्या हितासाठी वेळ घालवीन, असं त्यांनी ऐन तरुणपणी आईलाच पत्रातून कळवलं होतं. त्या माउलीच्या मनात काय आलं असेल, याचा मी बरेचदा विचार करते.

गणपतीत त्याला आरतीला उभं राहायचा आग्रह करू नका. मखर आणि पाहुण्यांचं जेवण त्याच्याकडे द्या. झांजा वाजवायला तो नाही म्हणणार नाही, त्याचा ताल चांगला आहे. आबा, त्याचा देहदानाचा अर्ज आला की साक्षीदार म्हणून तुम्ही सही करावी असं मला वाटतं. आईला आधी एकदा वाचून दाखवा.

तुमची,
शालन