जेलसोबत कॅप्सूल का, हे मराठीत छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी कराड तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. वय ५२. पाळी जाऊन दीड वर्ष झालं तेव्हा फळ्यावर लिहिता लिहिता मानेतून वाफ उसळायची, हातातला खडू ओला व्हायचा. पोरं वह्यांनी वारा घालायची. रात्री दोनदा गाऊन बदलावा लागे.

धाकट्या बहिणीला इस्ट्रोजेन या हार्मोनच्या जेलने गुण आला होता. तिच्या चिठ्ठीचा फोटो दाखवून मीही ट्यूब आणली. मोजपट्टीवर घेऊन रोज दंडाला लावायची. महिन्याभरात सलग झोप लागायला लागली.

बहिणीची गर्भाशयाची पिशवी काढलेली आहे, माझी नाही. यामुळे औषध बदलतं हे मला माहीत नव्हतं आणि दुकानातही कुणी विचारलं नाही. नुसतं इस्ट्रोजेन घेतलं की गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं, त्याला आवरायला प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतं. आठव्या महिन्यात पुन्हा अंगावरून रक्त जायला लागलं. सोनोग्राफीत अस्तर जाड दिसलं, तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट येईपर्यंतचे नऊ दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. रिपोर्ट चांगला निघाला. आता जेल आणि रात्री झोपताना प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल, दोन्ही डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू आहे. जेल सुकेपर्यंत नातवाला जवळ घेत नाही.

जेलला माझा दोष नाही. २००२ साली अमेरिकेतला मोठा अभ्यास थांबवला गेला आणि हार्मोन म्हणजे कॅन्सर अशी धास्ती बसली. पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि त्या गोळ्या घेत होत्या. कातडीतून जाणारं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जात नाही, त्यामुळे रक्ताच्या गुठळीची भीती गोळीपेक्षा कमी, हे डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर मात्र त्या हे देत नाहीत.

ट्यूबच्या खोक्यातला कागद इंग्रजीत, तोही मुंगीएवढ्या अक्षरांत. कंपन्यांनी तो मराठीत द्यावा. तोवर आपण आरोग्याच्या पानावर एवढं ठळक छापा: पिशवी असेल तर नुसतं जेल लावू नका, आणि दुसरीच्या चिठ्ठीवर तर मुळीच नको.

परवा शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी माझ्याकडे ट्यूबचं नाव मागितलं. त्यांची पिशवी आहे. येत्या सोमवारी मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जाणार आहे.

आपली,
एक शिक्षिका, ता. कराड