पाकीट मिळालं, पण गोळी कशी घ्यायची?

आशाताई 'माला-एन' या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट घरपोच देतात, ही सोय चांगलीच. अडचण पुढे आहे. मालक पुण्याकडे कामाला. ते सणाला आले की तेवढे चार दिवस गोळी घ्यायची, असं समजणाऱ्या बाया आमच्या भागात अजूनही भेटतात. ही गोळी रोज, शक्यतो ठरल्या वेळी घ्यावी लागते. पाकिटातल्या २८ पैकी शेवटच्या ७ गोळ्या लोहाच्या. त्या 'गरम पडतात' म्हणून काहीजणी फेकतात आणि नवं पाकीट भलत्याच दिवशी सुरू होतं.

कापूस वेचणीत तर पहाटे डबा बांधून निघण्याच्या घाईत गोळी हमखास राहते. (सासूपासून लपवून डाळीच्या डब्यात ठेवलेली असेल तर विचारूच नका.) एक राहिली तर आठवताच घ्यावी, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं. लागोपाठ दोन किंवा जास्त राहिल्या, तर गोळ्या सुरू ठेवून पुढचे ७ दिवस निरोधही वापरावा. त्यात आता 'छाया' ही दुसरी गर्भनिरोधक गोळी आली, ती पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. नियमांची सरमिसळ होणारच! बाळ ६ महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजणाऱ्या आईला 'माला-एन' नको, 'छाया' चालते, हेही कितींना ठाऊक?

उपकेंद्रांनी पाकिटासोबत चित्रांचं कार्ड द्यावं, आणि पुढचं पाकीट देताना आधीचं उघडून बघावं.

— एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. यवतमाळ