परदेशातील खाणी आणि येथील भागधारक

महोदय,

लिथियम, तांबे यांसारख्या महत्त्वाच्या खनिजांसाठी भारतीय कंपन्यांनी परदेशात खाणी मिळवाव्यात, हे आता सरकारचे जाहीर धोरण आहे. जानेवारी 2024 मध्ये ‘काबिल’ (खनिज बिदेश इंडिया लि.) या परदेशात खनिजे मिळवण्यासाठी काढलेल्या सरकारी कंपनीने अर्जेंटिनातील कातामार्का प्रांतात लिथियमच्या पाच पट्ट्यांसाठी करार केला. या काबिलमध्ये नाल्को आणि हिंदुस्थान कॉपर या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे भांडवल असल्याने त्यांचे छोटे भागधारकही या व्यवहारात आपोआप सामील झाले आहेत. धोरणाला माझा विरोध नाही. त्या वेळच्या बातम्यांत 15,703 हेक्टर हा आकडा ठळकपणे आला होता. पण हक्क कोणत्या अटींवर टिकणार, तो कोण काढून घेऊ शकतो आणि तंटा झालाच तर दाद कोठे मागायची, हे प्रश्न अशा बातम्यांत सहसा येत नाहीत, आणि भागधारकाचा पैसा बुडतो तो बहुतेक वेळा याच प्रश्नांवर.

बोलिव्हियातील एल मुतून हे आपल्याच एका कंपनीचे उदाहरण आहे. ब्राझीलच्या सरहद्दीजवळचा हा लोहखनिजाचा साठा सुमारे 4,000 कोटी टनांचा सांगितला जातो. जिंदाल स्टील अँड पॉवर या कंपनीने 2007 मध्ये तेथील सरकारशी 40 वर्षांचा करार केला, त्यानुसार साठ्याचा निम्मा भाग तिच्या वाट्याला आला आणि 210 कोटी डॉलरच्या गुंतवणुकीची घोषणा झाली. गुंतवणूकदारांच्या डोळ्यांपुढे राहिले ते टनांचे आकडे. प्रत्यक्षात त्या हक्काला अनेक अटी चिकटलेल्या होत्या. गुंतवणूक ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे व्हायला हवी होती आणि खनिज नुसते उकरून न नेता तेथेच पोलाद बनवायचे होते. पोलादासाठी नैसर्गिक वायू लागतो आणि तो पुरवणार होती बोलिव्हियाचीच सरकारी कंपनी. वायू पुरेसा मिळत नाही, जमीन वेळेवर ताब्यात येत नाही, अशी कंपनीची तक्रार होती. कंपनी कबूल केलेला पैसा ओतत नाही, असे सरकारचे म्हणणे होते. अखेर सरकारने कंपनीने दिलेली 1 कोटी 80 लाख डॉलरची बँक हमी वटवली, म्हणजे ती रक्कम बँकेकडून वसूल केली, पुढे दुसरीही वटवली आणि 2012 मध्ये कंपनी प्रकल्पातून बाहेर पडली. 2014 मध्ये लवादाने हमी वटवण्याच्या वादात कंपनीला सुमारे सव्वादोन कोटी डॉलर देण्याचा निवाडा दिला. खाण काही परत आली नाही. पुढे तेथील पोलाद कारखान्याचे काम एका चिनी कंपनीकडे गेले. त्या काळात ज्याने केवळ साठ्याचा आकार पाहून समभाग घेतले, त्याला वायूपुरवठ्याचे कलम किंवा बँक हमीच्या अटी कोणी समजावून सांगितल्या असतील, असे मला वाटत नाही.

लवादाचा निवाडा आपल्या बाजूने लागला म्हणजे पैसे हाती आले, हाही एक समज आहे. कॅनडाच्या क्रिस्टॅलेक्स या कंपनीला व्हेनेझुएलातील लास क्रिस्तिनास या सोन्याच्या खाणीचे कंत्राट 2002 मध्ये मिळाले होते. पर्यावरण खात्याने 2008 मध्ये परवाना नाकारला आणि 2011 च्या फेब्रुवारीत कंत्राटच रद्द झाले. त्याच वर्षअखेर कंपनीला दिवाळखोरी कायद्याच्या आश्रयाला जावे लागले. 2016 मध्ये लवादाने तिला सुमारे 120 कोटी डॉलर आणि वर व्याज मंजूर केले. ते वसूल करण्यासाठी अमेरिकेत वर्षानुवर्षे खटला चालला आणि व्हेनेझुएलाच्या मालकीच्या सिटगो या तेल कंपनीवरील ताबा विक्रीला काढण्यापर्यंत मजल गेली. दरम्यान, खटल्याचा खर्च भागवण्यासाठी एका गुंतवणूक निधीकडून कर्ज घेतले गेले होते, आणि त्या बदल्यात निवाड्याच्या रकमेतील मोठा वाटा त्या निधीला लिहून दिला गेला. सामान्य भागधारक रांगेत अगदी शेवटी उभा राहिला.

झांबियातील कोंकोला तांबेखाणीची गोष्ट थोडक्यात सांगतो. मे 2019 मध्ये तेथे अवसायक (कंपनीचा कारभार गुंडाळण्यासाठी नेमलेला अधिकारी) नेमला गेला आणि वेदांता समूहाचा ताबा गेला, तो परत मिळाला जुलै 2024 मध्ये. ही खाण मुंबईत नोंदलेल्या कंपनीची नव्हे, तिच्या लंडनस्थित पालक कंपनीची. तरीही पालक कंपनीला पैशाची ओढ लागली की त्याची झळ येथील भागधारकापर्यंत पोचू शकते, याचा विचार व्हायला हवा.

कंपनीने शेअर बाजाराला कोणत्या घटना कळवायच्या, याच्या सेबीच्या नियमांत महत्त्वाचा परवाना मिळणे, रद्द होणे किंवा स्थगित होणे यांचा समावेश आहे. 2023 च्या दुरुस्तीने ‘महत्त्वाचे’ म्हणजे काय याचा मापदंडही आकड्यांत बांधून दिला. ही सुधारणा चांगलीच आहे. मात्र त्या आकड्यापेक्षा लहान प्रकल्पाबाबत, किंवा परक्या सरकारने नुसती ताकीद दिली असेल त्या टप्प्यावर, काय सांगायचे आणि काय नाही हे ठरवण्यात कंपनीला बरीच मोकळीक उरते. वार्षिक अहवालाच्या शेवटी बारीक टायपात ‘व्यवस्थापनाच्या मते या दाव्याचा आर्थिक स्थितीवर लक्षणीय परिणाम संभवत नाही’ असे एक वाक्य असते आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच भागवले जाते. व्हिडिओवरून झालेल्या एका कंपनीच्या सर्वसाधारण सभेत मी तिच्या परदेशातील खाणीच्या मुदतीविषयी विचारले, तेव्हा ‘आपल्याला ईमेलने कळवू’ असे सांगून पुढच्या भागधारकाचे नाव पुकारण्यात आले. ईमेल आला, त्यात त्याच वार्षिक अहवालाची लिंक होती.

माझी मागणी मर्यादित आहे. परदेशातील प्रत्येक खाण हक्काबाबत वार्षिक अहवालात एक स्वतंत्र तक्ता असावा. करार कोणाशी व किती मुदतीचा, गुंतवणुकीच्या अटी कोणत्या आणि त्यांपैकी किती पुऱ्या झाल्या, बँक हमी किती रकमेची, वर्षभरात त्या सरकारकडून कोणत्या नोटिसा आल्या, लवाद कोठे बसणार, आणि त्या देशाशी भारताचा गुंतवणूक संरक्षणाचा करार अस्तित्वात आहे का, हे त्यात यावे. शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. परकी कंपन्या भारत सरकारवर दावे लावू लागल्यामुळे आपण 2016 पासून असे जुने करार मोठ्या संख्येने संपुष्टात आणले. पण त्यांचे संरक्षण परदेशात जाणाऱ्या आपल्या कंपन्यांनाही होते, आणि नव्या गुंतवणुकीला ते आता गृहीत धरता येत नाही.

गोपनीयतेची सबब यावर पुढे येईल. खाणउद्योगातील पारदर्शकतेसाठीच्या ईआयटीआय या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने 1 जानेवारी 2021 नंतर झालेले करार जाहीर करणे सदस्य देशांना बंधनकारक केले आहे. झांबिया आणि अर्जेंटिना दोन्ही त्याचे सदस्य आहेत. जो मजकूर तेथील नागरिकाला वाचता यायला हवा, तो येथील भागधारकापासून लपवण्यात अर्थ नाही. नाल्को आणि हिंदुस्थान कॉपर यांनी येत्या वार्षिक अहवालापासून असा तक्ता द्यायला सुरुवात करावी. दोन्ही सरकारी कंपन्या असल्याने त्यासाठी सेबीच्या नव्या नियमाची वाट पाहण्याचे कारण नाही.

– एक भागधारक, ठाणे