गाडी जुनी होती, पिनियन नवं होतं

उद्यमबाग, बेळगाव
दि. २३ सप्टेंबर २०२४

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘४८ पिच, १४ दाती’ असं लेबल लावून विकलेलं पिनियन ०.६ मॉड्यूलचं निघाल्याबाबत

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात मी आपल्याकडून रेडिओ कंट्रोलवर चालणाऱ्या रॉक क्रॉलर, म्हणजे दगडांवर सावकाश चढणाऱ्या, छोट्या गाडीचे सुटे भाग मागवले. त्यातल्या एका पिनियनबद्दल, म्हणजे मोटरच्या दांड्यावर बसणाऱ्या छोट्या गिअरबद्दल, २६ ऑगस्टला ईमेल केला. (पिच आणि मॉड्यूल ही गिअरचे दात केवढे आहेत ते सांगायची दोन मापं.) सात दिवसांनी उत्तर आलं, तेही दोन ओळींचं : गाडी सेकंडहँड असल्यामुळे तिच्यातल्या बिघाडाची जबाबदारी कंपनीची नाही, आणि गिअर बसवताना ग्राहकाकडून चूक झालेली असू शकते. माझ्या अख्ख्या पत्रातला ‘सेकंडहँड’ हा एकच शब्द आपल्याकडे कुणीतरी वाचला, असं मला वाटलं. म्हणून आता पहिल्यापासून लिहितो. पत्र लांबेल. चहा घेऊन वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

गाडी जुनी आहे हे मीच आपल्याला सांगितलं होतं. इथं इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा कोर्स संपवून गावी परत जाताना ती विकून गेला. १:१० मापाची, ९,००० रुपयांना, बॅटरी आणि चार्जर सोडून. दीड वर्ष त्याच्या कॉटखाली पडून होती. शेवटची कुठं चालवलीस, असं विचारायची वेळच आली नाही. पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये खानापूरकडची तांबडी माती विटेसारखी घट्ट बसली होती. चाकांची बेअरिंगं धरलेली, एका शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधलं तेल पार गळून गेलेलं. सर्वो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर, घुंई करून फिरायचा, पण चाकं वळायची नाहीत, कारण त्याच्या दांड्यावरच्या हॉर्नच्या (पट्टीच्या) आतले दात गुळगुळीत झाले होते. आणि मोटरवरचं पिनियन झिजून बाभळीच्या काट्यासारखं टोकदार झालं होतं. हे सगळं बघूनच मी पैसे मोजले. आम्हाला चालू गाडी नकोच होती. पोराला सुट्टीत मोबाइलपासून लांब न्यायचं होतं आणि मलाही लेथवर रोज त्याच त्या बुशा, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्या, काढून कंटाळा आला होता.

तीन आठवडे आम्ही रोज माझी लेथची शेड बंद केल्यावर तासभर बसायचो. गाडी पूर्ण सुटी केली. लोखंडाचं सामान डिझेलमध्ये धुतलं, प्लॅस्टिकचं साबणाच्या पाण्यात. ५ बाय ११ बाय ४ मापाची चौदा बेअरिंगं बदलली. ती आपल्याकडूनच घेतली होती आणि एकूण एक चांगली निघाली, हेही लिहून ठेवतो. शॉकमध्ये तेल भरताना बुडबुडे संपेपर्यंत दांडा सावकाश वर-खाली करावा लागतो. पोराला तेवढा दम निघेना, म्हणून ते काम मी केलं. मोटरच्या वायरी त्यानं सोल्डर केल्या, आणि माझ्यापेक्षा बऱ्या केल्या. सर्वो बसवताना एक एम-३ स्क्रू मी जास्त आवळला आणि प्लॅस्टिकमधले आटे गेले. चूक माझी. तिचे पैसे मी आपल्याकडे मागत नाही. शॉकच्या तेलाची एक बाटली वाटेत गळून अर्धी झालेली आली, तेही सोडून देतो.

आता पिनियन. आपल्या पाकिटावर छापलं आहे : १४ दाती, ४८ पिच, ३.१७ मिमी शाफ्टसाठी. किंमत ३४० रुपये. त्याच्या जोडीला ८७ दाती नवा स्पर गिअर, म्हणजे पिनियन ज्याला फिरवतं तो मोठा गिअर, घेतला, ४८० रुपयांचा, तोही ४८ पिचचा. हे दोन गिअर एकमेकांत किती जवळ बसवायचे, ते ठरवायला आम्ही नेहमीची युक्ती केली. वहीच्या कागदाची पट्टी दोघांमध्ये घालायची, मोटर दाबून धरायची, स्क्रू आवळायचे, मग गिअर फिरवत पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर दातांचे वळ सारखे उमटायला हवेत आणि कागद फाटता कामा नये. आमच्या पट्टीवर एक वळ खोल, दुसरा उथळ, तिसऱ्या जागी कागद चिरलेला. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. हातानं फिरवलं की मध्येच अडकल्यासारखं व्हायचं. तिथंच थांबायला हवं होतं. पण नवा माल आहे, कडेला बर, म्हणजे कापताना राहिलेली खरखर, असेल, चालून चालून बसेल, असं मी पोराला सांगितलं. तीस वर्षं लेथवर उभा राहणारा माणूस मी, आणि डोळ्यांसमोरच्या पट्टीपेक्षा पाकिटावरच्या छापावर जास्त भरवसा ठेवला. या प्रकरणात माझी चूक असलीच तर ती एवढीच.

२५ ऑगस्टला रविवारी पावसानं उघडीप दिली, म्हणून आम्ही गाडी घेऊन येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे गेलो. पहिले दोन दगड गाडी मुंगीसारखी चढली. तिसऱ्या दगडाच्या कपारीत पुढचं चाक अडकलं, मोटरचा आवाज एकदम किंचाळल्यासारखा वर गेला आणि चारही चाकं जागच्या जागी. ‘पप्पा, मोटर फिरूलालीय, पण गाडी हलंना की!’ घरी येऊन गिअरचं झाकण उघडलं तर आत पांढरा कीस, अगदी किसलेल्या खोबऱ्यासारखा. स्पर गिअरच्या ८७ दातांपैकी ओळीनं अकरा साफ गेलेले, बाकीच्यांच्या कडा कुरतडलेल्या. पिनियन स्टीलचं, त्याला काहीच झालं नव्हतं.

आपण सुटे भाग विकता, म्हणजे हे आपल्याला ठाऊक असेलच, तरी लिहितो. क्रॉलर ही धावायची गाडी नाही. तिचे डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर, लॉक केलेले असतात. एक चाक कपारीत अडकलं तरी चारही चाकं एकाच वेगानं फिरायला बघतात आणि सगळा जोर मागं गिअरवर येतो. उतारावर ट्रिगर सोडला की ईएससीचा, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा, ड्रॅग ब्रेक गाडीला धरून ठेवतो, म्हणजे उलट्या बाजूनंही तोच ताण. साध्या रस्त्यावरच्या गाडीत चुकीचा दात महिनाभर किरकिर करत चालला असता. क्रॉलरमध्ये तो तिसऱ्या दगडालाच संपतो.

सोमवारी शेडमध्ये दोन्ही पिनियनं व्हर्नियरवर घेतली. गिअरचं बाहेरचं माप कसं काढतात ते आपल्या तांत्रिक विभागाला माहीत असेल : दातांच्या संख्येत दोन मिळवायचे आणि मॉड्यूलनं गुणायचं. ४८ पिच म्हणजे इंचाचे २५.४ मिमी भागिले ४८, म्हणजे मॉड्यूल ०.५२९. चौदा अधिक दोन, सोळा. सोळा गुणिले ०.५२९ म्हणजे ८.४७ मिमी. गाडीतलं जुनं झिजलेलं पिनियनसुद्धा ८.४ भरलं. आपलं कोरं करकरीत पिनियन ९.६ भरलं, म्हणजे सोळा गुणिले ०.६. एका दातापासून दुसऱ्या दातापर्यंतचं अंतर ४८ पिचमध्ये १.६६ मिमी असतं, ०.६ मॉड्यूलमध्ये १.८८. असे दोन गिअर एकमेकांत बसतच नाहीत, बसवले तर एकमेकांना खातात. तरी खात्री म्हणून शेजारच्या शेडमध्ये हॉबिंग, म्हणजे गिअरचे दात कापायचं काम, करणाऱ्याकडे गेलो. त्यानं गेज काढायच्या आधी पिनियन नुसतं उजेडात धरलं आणि म्हणाला, ‘हे पॉइंट सिक्स आहे की हो, कोण म्हणालं फॉर्टी एट?’ मग गेज लावला, तोही तेच म्हणाला.

फोनवर आपल्या माणसानं विचारलं, तीन सेलची, ११.१ व्होल्टची बॅटरी लावली होती का? नाही. दोन सेलची, ७.४ व्होल्टची लायपो आहे, फोटो जोडला आहे. आणि समजा लावली असती, तरी जास्त व्होल्टनं पिनियन एक मिलिमीटरनं फुगत नाही. मग ते म्हणाले, पाकीट उघडलेलं आहे, आता परत घेता येत नाही. आपण पाकिटावर मधोमध स्टिकर लावता, त्याखाली पिनियन दिसतही नाही. ते बंद पाकिटात मोजायची काही सोय असेल तर मलाही सांगा, धंद्यात उपयोगी पडेल.

आता मूळ मुद्दा. आमच्या शेडमधून मोठ्या कारखान्यांना बुशा जातात. ०.०२ मिमीनं माप बाहेर गेलं तर अख्खी पेटी लाल शाईचा शिक्का मारून परत येते, आणि सोबत रिजेक्शनचा कागद. तो कागद हातात पडल्यावर ‘तुमचं मशीन जुनं आहे, आम्ही काय करणार?’ असं आम्ही गिऱ्हाइकाला कधी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर उद्यमबागेत दुसऱ्या दिवशी शटर उघडायची गरज पडली नसती. मी आपल्याकडे जुन्या गाडीची हमी मागत नाही. नवा भाग विकताना आपण स्वतःच्या हातानं जे लिहिलं, ते खरं असावं एवढंच मागतो. आणि गंमत बघा, आपल्या दुकानातले सुटे भाग विकत घेणाऱ्यांत कोऱ्या गाडीवाले कितीसे असतील? कोऱ्या गाडीला सुटे भाग लागतच नाहीत. जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या माझ्यासारख्यांवरच आपलं दुकान चालतं, आणि त्यांनाच आपण सांगता की तुमची गाडी जुनी आहे.

जाता जाता आणखी एक, ही तक्रार नाही, नोंद म्हणून. आपल्या संकेतस्थळावर मी भाषा मराठी निवडली, तर पत्त्यातल्या राज्याच्या रकान्यात आपोआप ‘महाराष्ट्र’ आलं आणि बदलता येईना. १९५६ पासून ज्या गोष्टीवर आमच्याकडे मोर्चे निघाले आणि सुप्रीम कोर्टात दावा पडून आहे, ती आपल्या संगणकानं एका क्लिकमध्ये निकालात काढली! घरात वडिलांना दाखवलं तर ते खूष झाले. पण पार्सल कोल्हापूरला जाऊन चार दिवस बसलं. शेवटी ५९० नं सुरू होणारा पिनकोड बघून कुरिअरच्या पोरानं मला कन्नडमध्ये फोन केला आणि मग ते बेळगावला आलं. तो रकाना ग्राहकाला भरू द्या.

मला काय हवं आहे ते सांगतो. खरोखर ४८ पिचचं १४ दाती पिनियन आणि ८७ दाती स्पर गिअर आपल्या खर्चानं पाठवा. ते नसतील तर पिनियनचे ३४०, स्पर गिअरचे ४८० आणि कुरिअरचे १२०, असे ९४० रुपये परत करा. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ज्या खोक्यातून हे पिनियन निघालं, त्या खोक्यातली बाकीची मोजा. एकच चुकून आलं असेल असं मला वाटत नाही. चुकीचं लेबल बहुतेक अख्ख्या खोक्याला लागलेलं असणार, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाकडे व्हर्नियर नसतो. कुणीतरी शाळकरी पोर पॉकेटमनीतून हे घेईल, ते त्याचा गिअर खाईल, पोर पुन्हा घेईल, ते पुन्हा खाईल, आणि शेवटी स्वतःलाच गाडी नीट बसवता येत नाही म्हणून पोर ती माळ्यावर टाकेल. माझं पोर त्या रविवारी असंच म्हणत होतं. सोमवारी व्हर्नियरवरचा आकडा दाखवला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा रंग परत आला.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. पोच मला मिळालीच नाही, आणि माझ्या पहिल्या तक्रारीचा महिना २६ सप्टेंबरला भरतो. मधले दिवस गणपतीचे होते. बेळगावात त्या दिवसांत आम्हीही फार काम करत नाही, म्हणून ते धरत नाही. ५ ऑक्टोबरपर्यंत वाट बघतो. त्यानंतर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवीन आणि जरूर पडली तर इथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्यानं ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि एवढ्या रकमेला फीही लागत नाही. ९४० रुपयांसाठी तिथवर जायची हौस नाही. पण ९.६ हा आकडा मी खाली ठेवणार नाही.

पिनियन मी अजून परत पाठवलेलं नाही. ते ग्रीस पुसून, आपल्याच पाकिटात घालून, शेडमधल्या गेजच्या कप्प्यात ठेवलं आहे. आपला माणूस कधीही येऊन मोजू शकतो. व्हर्नियर मात्र त्यानं स्वतःचा आणावा, म्हणजे माझ्या मापावर शंका राहायला नको.

सोबत : बिलाची प्रत, पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, व्हर्नियरवर धरलेल्या दोन्ही पिनियनांचे फोटो, स्पर गिअरचा आणि बॅटरीचा फोटो, कागदाची पट्टी (मूळ).

आपला,
एक ग्राहक
उद्यमबाग, बेळगाव, कर्नाटक