मावशी, त्या एका पापणीसाठी

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी तुमच्या दुकानातून निघताना मी धड काही बोललेच नाही. दारात गिऱ्हाईकं उभी होती, लग्नसराईचे ब्लाऊज खुंटीवर एकावर एक लटकत होते आणि माझा गळा दाटून आला होता. "येते हं मावशी" एवढंच म्हटलं आणि लेकीचा हात धरून बाहेर पडले. त्याला आता तीन आठवडे झाले, पण अजून रोज एकदा तरी तो क्षण आठवून डोळे भरून येतात. म्हणून हे पत्र. चारचौघांत लिहिते आहे, कारण ज्यांनी आम्हाला परत पाठवलं तेही चारचौघांतच बोलले होते, आणि माझ्या लेकीने ते सगळं ऐकलं होतं. तुमची नात तुम्हाला हे मोठ्याने वाचून दाखवेलच.

तुम्ही आम्हाला काहीच विचारलं नव्हतंत, तेव्हा मीच सांगते. माझी लेक सात वर्षांची आहे. तिच्या डाव्या डोळ्याची पापणी जन्मापासून अर्धी मिटलेली आहे. डॉक्टरी भाषेत त्याला टोसिस म्हणतात. पापणी वर उचलणारा स्नायू मुळातच अशक्त असतो, त्यामुळे मूल कितीही जागं असलं तरी तो डोळा झोपाळू दिसतो. पापणी बुबुळावर फार खाली आली तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो आणि नजर मंद होते, म्हणून आम्ही ठरलेल्या वेळी तपासणीला जातो. तिची नजर आजवर छान आहे. ऑपरेशन करायचं की नाही, कधी करायचं, ते डॉक्टर सांगतील तसं करू. डॉक्टरांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती शाळेच्या फोटोच्या वेळी सगळ्या वर्गासमोर "डोळे नीट उघड गं!" असं ओरडणाऱ्यांबद्दल. आणि अनोळखी बाईने भर बसमध्ये तिची पापणी बोटाने उचलून "दुखतं का गं?" विचारावं, याबद्दल.

मी गेली दोन वर्षं घरी हाताने टेडी बनवते. परदेशी कारागीर वापरतात ते अंगोरा शेळीच्या लोकरीचं मोहेर मला परवडत नाही. मी रविवार पेठेतून, बोहरी आळीतून फरचं कापड आणते, आत कापूस भरते, हातपाय फिरते बसवते, काचेचे डोळे दाभणाने मानेमागे ओढून घट्ट बांधते. ओळखीपाळखीत पुष्कळ टेडी गेले. लेकीने मात्र स्वतःसाठी कधी मागितला नव्हता. या उन्हाळ्यात एक दिवस माझ्याशेजारी बसून डोळ्यांच्या डबीशी खेळता खेळता म्हणाली, "आई, मला एक कर. पण माझ्यासारखा. एक पापणी असलेला."

मावशी, मला वाटलं होतं तासाभराचं काम आहे. टेडीला पापणी लावणं ही काही नवलाची गोष्ट नाही. पुष्कळ कारागीर लावतात, कुणी पातळ चामड्याची, कुणी कापडाची. डोळ्यावर जरासं कापड आलं की चेहरा एकदम जिवंत होतो. पण ते काम किती नाजूक आहे ते मला हातात घेतल्यावर कळलं. पापणीची नाकाकडची बाजू दोन मिलिमीटर खाली गेली की अस्वल रागावलेलं दिसतं. कानाकडची बाजू खाली गेली की रडवेलं. मी फेल्ट लावून पाहिलं, ते जाड, डोळ्यावर टेंगूळ आल्यासारखं दिसायला लागलं. रेक्झीन लावलं, त्याला चुण्या पडल्या. सुती कापड डिंकाने चिकटवलं, तर कडेचे धागे निघाले आणि काचेवर डिंकाचा पांढरा डाग राहिला. चार वेळा लावली, चार वेळा काढली. प्रत्येक वेळी लेक लांबून बघायची आणि काही न बोलता आत जायची. एकदाच म्हणाली, "हा चिडलाय. मी चिडलेली नसते."

मग मी विचारायला बाहेर पडले. सामान घेते त्या एका दुकानात टेडी काउंटरवर ठेवला, तर मालक हसून म्हणाले, "चांगला पीस कशाला खराब करता? डिफेक्टवाला कोण घेणार?" लेक माझ्या ओढणीचं टोक धरून तिथेच उभी होती. जिथे मी पैसे भरून हे काम शिकले होते तिथल्या शिक्षिकेला फोटो पाठवला, त्यांनी कळवलं की दोन्ही डोळे सारखेच हवेत, मापात चूक झाली असेल तर उसवून पुन्हा करा. मी कारण लिहिल्यावर उत्तरच आलं नाही. घरातल्या एका जवळच्या बाईंनी तर मला बाजूला घेऊन समजावलं, "तिला सारखी आठवण कशाला करून देतेस? विसरू दे ना." मावशी, सात वर्षांची मुलगी दिवसातून दहा वेळा आरशात बघते. ती काय विसरणार? तिला ते विसरायचंच नव्हतं, तिला सोबत हवी होती. ही एवढी साधी गोष्ट मी ज्यांना ज्यांना सांगितली त्यातल्या एकालाही कळली नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि तो गेल्याचं खोटं मी इथे लिहिणार नाही.

तुमच्याकडे मी पापणीसाठी आलेच नव्हते. नणंदेच्या मुलीच्या लग्नातल्या ब्लाऊजला कापडी बटणं लावून घ्यायची होती. हल्ली सगळे साच्यात दाबून देतात, तुम्ही मात्र अजून हातानेच मढवता, कापडाचा गोल कापून, कडेने धावदोरा घालून, चिमटीत ओढून. ते बघत उभी असताना पिशवीतून भुरक्याचं, म्हणजे लेकीच्या त्या टेडीचं, डोकं बाहेर आलं. तुम्ही विचारलंत, "हे काय गं?" आणि मी भडभडा सगळं सांगून टाकलं.

तेव्हा लेकच पुढे झाली. मी तिला टेडीची गोष्ट सांगितलेली आहे. १९०२ साली अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले होते. तिथे बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला, त्याचं व्यंगचित्र वर्तमानपत्रात आलं, ते बघून ब्रुकलिनमधल्या एका दुकानदार जोडप्याने कापडाचं अस्वल शिवलं आणि रूझवेल्टांच्या लाडक्या नावावरून ते 'टेडी' झालं. आणि त्याच सुमारास तिकडे जर्मनीत मार्गारेटे श्टाइफ यांच्या कारखान्यातही अस्वलं तयार होत होती. पोलिओने पाय गेलेली, उजवा हात कमजोर झालेली ही बाई चाकाच्या खुर्चीत बसून शिवणकाम करत मोठी झाली. लेकीला त्या बाईंची गोष्ट फार आवडते. पण तुम्हाला तिने त्यातलं एकच सांगितलं, "आजी, पहिल्या टेडींचे डोळे बुटाच्या बटणांचे होते. काळ्या बटणांचे."

तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात. "बटणाचे? मग हे माझंच काम की."

इथवर तुम्ही मदत केलीत, त्याबद्दल कुणीही आभार मानले असते. पण हे पत्र मी पुढच्या गोष्टीसाठी लिहिते आहे.

तुम्ही भुरक्याला हातात घेतलंत, पण माझ्याकडे बघून काहीच विचारलं नाहीत. पाय मशीनवरून खाली घेतलेत, स्टूल ओढून लेकीसमोर बसलात, अगदी तिच्या उंचीला. तिच्या डोळ्याला हात लावला नाहीत. "मी नीट बघू का गं तुझ्याकडे?" असं विचारलंत, आणि ती हो म्हणेपर्यंत थांबलात. मग बघितलंत, घाई न करता, ब्लाऊजचा गळा बघता तसं, कामाच्या नजरेने. आणि मग विचारलंत, "बाळा, कोणता डोळा करू? तुझा डावा, म्हणून याचाही डावा करू? की आरशात दिसतो तसा, तुझ्या डाव्यासमोर येतो तो?"

मावशी, माझ्या अंगावर काटा आला. कारण हा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता. तिचा डावा म्हणून मी चारही वेळा भुरक्याच्या डाव्या डोळ्यालाच पापणी लावली होती. मी आई आहे, आणि मी तिला विचारलंच नव्हतं.

लेक जरा वेळ विचारात पडली. मग तिने भुरक्याला तुमच्या हातातून घेतलं, दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं आणि आपलं नाक त्याच्या नाकाला टेकवलं. तशीच राहून बोट फिरवून दाखवलं. "असं केल्यावर माझा हा आणि त्याचा हा लागला पाहिजे. झोपताना आम्ही असे झोपणार." म्हणजे भुरक्याचा उजवा. तुम्ही खडू घेतलात आणि त्या डोळ्यावर बारीकशी रेघ ओढलीत. "इथपर्यंत?" ती म्हणाली, "थोडी खाली." तुम्ही पुन्हा रेघ ओढलीत. "आता?" तीन वेळा पुसलीत, तीन वेळा ओढलीत. दारातली बाई घड्याळ बघत होती, तिला तुम्ही नुसता हात दाखवलात. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मुलीला त्या पापणीबद्दल कुणीतरी तिचं मत विचारलं होतं. ती पापणी किती खाली असावी हे ती सांगत होती आणि एक मोठं माणूस तिचं ऐकत होतं.

शिवण्याबद्दल मी फार लिहीत नाही, ते तुमचं कसब आहे. पण दोन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. तुमच्या चिंध्यांच्या गाठोड्यातून तुम्ही ब्लाऊजच्या टू बाय टू कापडाचा तपकिरी तुकडा काढलात आणि तो उरेब, म्हणजे तिरका, कापलात. उभ्या-आडव्या धाग्यात कापलेलं कापड गोलावर बसत नाही, उरेब कापलेलं आपसूक वळतं. हे मी हजारदा ब्लाऊजच्या गळ्याला बघितलं होतं आणि पापणीला सुचलं नव्हतं. तो तुकडा दुहेरी घडी करून तुम्ही घडीची कड डोळ्यावर आणलीत, म्हणजे धागा निघायलाच जागा नाही. चुणी पाडली नाहीत, नखाने दाबत दाबत काचेच्या गोलावर बसवलीत आणि टाके फरच्या केसांखाली दडवलेत. दुसरी गोष्ट म्हणजे, सुई डोळ्याजवळ नेण्याआधी तुम्ही लेकीला म्हणालात, "त्याचा हात धर, म्हणजे तो घाबरणार नाही." ती दोन्ही हातांनी त्याचा पंजा धरून बसली होती.

पैसे विचारले तर तुम्ही एका कापडी बटणाचा जो भाव तोच सांगितलात, ना कमी ना जास्त. वहीत बटणांच्या खाली लिहिलंत, 'पापणी १ नग'. तुम्ही पैसे घेतले नसते तर आम्ही दयेचं काहीतरी घेऊन घरी आलो असतो. तुम्ही ते काम केलंत, कामासारखं केलंत, आणि माझ्या लेकीची पापणी तुमच्या वहीत ब्लाऊज, बटणं, फॉल-बिडिंगच्या रांगेत जाऊन बसली. तिने ती ओळ वाचली. रस्ताभर "पापणी एक नग, पापणी एक नग" म्हणत उड्या मारत चालली होती.

तेव्हापासून मी माणसांकडे जरा वेगळ्या नजरेने बघते आहे. आमच्या कोपऱ्यावरचे भाजीवाले काका कोथिंबिरीची जुडी लेकीच्याच हातात देतात आणि पैसेही तिच्याच हातून घेतात, ते मला आत्ता दिसलं. बसचे एक कंडक्टर "कुठे उतरायचं?" ते तिलाच विचारतात. लहान मुलाच्या डोक्यावरून आईशी बोलायचं नाही, त्याच्याशीच बोलायचं, इतकी साधी रीत आहे ही. शिक्षण घेतलेल्या, पाट्या लावलेल्या किती जणांना ती जमली नाही, आणि तुम्हाला मशीनवरून उठून स्टुलावर बसताना ती आठवावीसुद्धा लागली नाही. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून माझ्यासारख्या आया रात्री झोपू शकतात, मावशी. हे मी अगदी खरं सांगते.

आणखी एक सांगायचं राहिलं. पहिल्या रात्री मी दिवा मालवायला गेले तेव्हा भुरक्या उशीवर बसलेला होता आणि त्याची हनुवटी जराशी वर होती. आधी तशी नव्हती, डोकं मीच बसवलंय, मला माहीत आहे. उलटा करून पाहिलं तर मानेमागे दोन जास्तीचे टाके. माझी लेक नीट दिसावं म्हणून हनुवटी वर करून बघते. पापणीखालून बघायचं तर तसंच बघावं लागतं. ते तुम्ही टिपलंत आणि एका शब्दाने न बोलता भुरक्याला तसं बघायला शिकवलंत. मी बराच वेळ तिथेच जमिनीवर बसून राहिले.

आता दोघांचा एक फोटो भिंतीवर लावलाय. भुरक्या तिच्या डाव्या हाताला बसलाय, त्यामुळे दोघांचे मिटलेले डोळे शेजारी शेजारी आलेत, दोघांच्या हनुवट्या वर आहेत. ती जागा लेकीनेच ठरवली.

रोज रात्री नाकाला नाक लावून झोपल्यामुळे पापणीच्या कडेचा एक टाका सैल झालाय. मी घालू शकेन, पण लेक मला हात लावू देत नाही, आजीच घालणार म्हणते. शनिवारी शाळा सुटली की आम्ही तिघंही येतो. वहीत ओळ मोकळी ठेवा.

तुमची कृतज्ञ,
भुरक्याची आई