आधी वळणरस्ता, मग खोदकाम : पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावांत मुख्य रस्त्याचे काँक्रिटीकरण, नाली, पाइपलाइन आणि बसस्थानकाचे नूतनीकरण अनेकदा एकदमच निघते. विभाग वेगळे, कंत्राटदार वेगळे, मुदती वेगळ्या. रस्ता मात्र एकच. तो कोणत्या आठवड्यात कोणाच्या ताब्यात राहील, हे ठरवणारा एक अधिकारी आपण नेमावा.

अडचण मापातच आहे. दहा मीटरचा रस्ता अर्धा खोदला, बॅरिकेड आणि मातीचे ढीग सोडले, की हाती जेमतेम चार मीटर उरतात. एसटीच अडीच मीटरच्या आसपास रुंद. समोरून कडेने फुगलेली कापसाची ट्रॉली आली की दोन्ही वाहने अडकतात, आणि त्यांच्या मागे १०८ रुग्णवाहिका सुद्धा. म्हणून वाहतूक एकेरी करावीच लागते आणि परतीची वाट, म्हणजेच वळणरस्ता, आधी तयार लागते. ही वाट बहुधा पांदण रस्त्यानेच, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेने काढतात. काळ्या मातीवर नुसता मुरूम पसरला तर पहिल्याच पावसात ट्रॉली रुतते. वरची माती काढून मुरूम थराथरांनी टाकावा, पाणी मारून रोलर फिरवावा, नाल्यावर पाइपमोरी घालावी. भरलेली ट्रॉली त्यावरून चालवून पाहावी, मगच मुख्य रस्त्यावर जेसीबी उतरावा.

कामाचा क्रमही ठरलेला हवा : महावितरणचे खांब, मग जलवाहिनी आणि नळजोडण्या, मग नाली, शेवटी काँक्रीट. पुढच्या जोडण्यांसाठी रस्त्याखाली आडवे रिकामे पाइप आताच टाकावेत, नाहीतर नवा रस्ता वर्षभरात फोडला जातो.

काँक्रीट किमान १४ दिवस ओले ठेवावे लागते. जड वाहने साधारण २८ दिवसांनी सोडावीत. घाई केली की भेगा पडतात. दोन चौकांमधल्या एका तुकड्याच्या दोन्ही बाजूंना खोदाईसह अडीच महिने सहज जातात. ऑक्टोबरात सोयाबीन येते, पुढे फेब्रुवारीपर्यंत कापूस. म्हणजे हाती उरतात फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते पेरणीपूर्वीचे दिवस. एका उन्हाळ्यात झेपेल तेवढाच रस्ता खोदावा. ४५ अंशांच्या उन्हात काँक्रीट रात्री ओतावे, ओल्या पोत्यांनी झाकावे आणि त्याचे पाणी गावच्या नळयोजनेतून घेऊ नये.

महिन्याहून अधिक काळ वाहतूक बंद ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ नुसार राजपत्रात अधिसूचना लागते. कंत्राटदाराच्या फलकावर ते भागत नाही.

ही जबाबदारी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे द्यावी. बांधकाम विभाग, मुख्याधिकारी, ठाणेदार, आगारप्रमुख आणि बाजार समितीचे सचिव यांची बैठक त्यांनी आठवडी बाजाराच्या दोन दिवस आधी घ्यावी आणि त्यांच्या लेखी परवानगीशिवाय एकही चर खोदला जाऊ नये. बसस्थानक पाडण्यापूर्वी प्रत्येक दिशेच्या गाड्यांचा तात्पुरता थांबा त्याच दिशेच्या नाक्यावर, सावली आणि पिण्याच्या पाण्यासह उभा असावा. हा आदेश येत्या जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत काढावा, ही विनंती.

आपले,
तालुक्यातील स्थापत्य अभियंते, एसटी चालक व अडते